सुटकेची तारीख

आमच्या घराची किल्ली एका लाकडाच्या तुकड्याला बांधलेली असायची. तळहातात मावेल एवढा तुकडा, हाताच्या घामानं आणि खोबरेल तेलानं काळाभोर झालेला, वरच्या टोकाला भोक. त्यावर काहीतरी कोरलेलं होतं. आकडे आहेत एवढं बोटाला कळायचं, कसले ते कळत नव्हतं. घर नानीचं, आम्ही तिचे भाडेकरू. पोरंबाळं किल्ली हरवतात म्हणून नानीनं हे लाकूड अडकवून ठेवलं असणार, असं मी धरून चालले होते. मी तेव्हा पाच वर्षांची होते आणि आम्ही पोर्ट ब्लेअरला राहायला आलो होतो.

साल १९६८. बाबांना तिथल्या बंदर खात्यात नोकरी लागली होती. देवगडच्या घरी ही बातमी पोचली तेव्हा आजीनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. "माझो झील काळ्या पाण्यार चललो," एवढंच ती येईल त्याला सांगत होती. बाबांनी तिला परोपरीनं समजावलं. आई, आता तिथे कैदी नाहीत, जेल बंद होऊन किती वर्षं झाली, चांगली सरकारी नोकरी आहे. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे थंय रवतत कोण?"

मग तिथे राहतात कोण? बाबांना उत्तर देता आलं नाही. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मराठी माणसाला अंदमान ठाऊक असतं ते 'माझी जन्मठेप'मधून. १९११ साली बोटीतून उतरलेले तात्याराव सावरकर, आधीपासून आत असलेले बाबाराव, कोलू, काथ्याकूट, दंडाबेडी. आमच्याही घरात ते पुस्तक होतं, बाबांनी ते ट्रंकेत घालून बरोबर आणलं होतं. पण पुस्तक मिटल्यावर, जेलच्या भिंतीबाहेर जे गाव उरतं, ते कुणाचं? आजीच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढची अकरा वर्षं नानीच्या व्हरांड्यात, तुकड्या-तुकड्यानं मिळत गेलं.

मद्रासहून बोटीनं चौथ्या दिवशी सकाळी बंदर दिसलं होतं. टेकड्या, टेकड्यांवर उतरत्या पत्र्यांची लाकडी घरं, आणि प्रत्येक उताराच्या शेवटी समुद्र. त्या गावात कुठलाही रस्ता फार वेळ समुद्राकडे पाठ करून चालत नाही. सूर्य मात्र आमच्या ओळखीचा नव्हता. घड्याळ भारताचं आणि बेट ब्रह्मदेशाच्या बाजूला, त्यामुळे पहाटे पाचला उजाडायचं आणि थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाच वाजून गेले की दिवस संपायचा. आई म्हणायची, इथे दिवेलागण दुपारच्या चहालाच होते. दिवे लागले की नानी व्हरांड्यात येऊन बसायची. पुढ्यात खवणी किंवा सूप, आणि कडेला आम्ही.

गावाची नावं मी तिच्याकडूनच शिकले. अबर्डीन, फीनिक्स बे, हॅडो, डिलानीपूर ही साहेबांची. गोलघर, लंबा लाइन, दूध लाइन, जंगलीघाट, बुनियादाबाद, शादीपूर ही इथल्या माणसांची. खुद्द पोर्ट ब्लेअर हे नाव आमच्या मुंबईहून आलेलं. आर्चिबाल्ड ब्लेअर हा मुंबईच्या आरमारातला, बॉम्बे मरीनचा अधिकारी. त्यानं हे बंदर मोजलं आणि १७८९ साली कंपनीची पहिली वसाहत चॅथम बेटावर मांडली. ती टिकली नाही. आधी ती उत्तरेला हलवली, मग रोगराईनं माणसं मरू लागली तसं १७९६ साली सगळंच आवरतं घेतलं. पुढची साठ वर्षं जंगल आपल्या जागी आणि जंगलातली माणसं आपल्या जागी होती.

मग सत्तावनचं बंड झालं. १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर 'सेमिरामिस' बोटीतून दोनशे कैदी घेऊन इथे उतरला. नानी त्याला 'वाकर साहब' म्हणायची, जणू कालपरवाच गल्लीतून गेला असावा. तिनं त्याला पाहिलेलं नव्हतं. पण तिच्या लहानपणी वस्तीत असे म्हातारे होते, ज्यांनी वॉकरच्या वेळची माणसं पाहिली होती. कैद्यांच्या हातात कुऱ्हाडी दिल्या होत्या आणि समोर सूर्यप्रकाश जमिनीला लागत नाही असं रान होतं. कुणीतरी उठवलं की या रानातून पूर्वेला चालत गेलं की ब्रह्मदेश लागतो. माणसं पळाली. पुढे समुद्र लागला. पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरनं फासावर दिलं. "पानी का किसी ने बताया ही नहीं था," नानी म्हणायची. चारही बाजूंनी पाणी आहे, हे त्या गंगायमुनेच्या मुलखातल्या माणसांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या पळालेल्यांमध्येच दूधनाथ तिवारी होता. बंडातला शिपाई. बाकीचे अंदमानी लोकांच्या बाणांनी मेले, हा जखमी होऊन वाचला आणि त्याच लोकांनी त्याला आपल्यात घेतलं. वर्षभर तो त्यांच्यात राहिला, त्यांची भाषा शिकला, त्यांनी त्याला बायको दिली. आपलं रान तुटतंय हे पाहून १८५९च्या मे महिन्यात अंदमानी लोकांनी अबर्डीनवर चालून यायचं ठरवलं, तेव्हा दूधनाथ रातोरात निसटला आणि त्यानं साहेबांना आधीच खबर दिली. धनुष्यबाण घेऊन आलेल्यांच्या समोर बंदुका तयार होत्या. दूधनाथला माफी मिळाली आणि तो घरी गेला. अबर्डीनच्या किनाऱ्यावर आज त्या लढाईचं स्मारक आहे.

ही गोष्ट नानीनं मला अनेकदा सांगितली, आणि दर वेळी शेवटी ती गप्प व्हायची. एकदाच म्हणाली, "घर लौटने की कीमत उसने दूसरों से दिलवाई." आणि मग, बऱ्याच वेळानं, खवणीवरचा नारळ बाजूला ठेवून, "ये ज़मीन उनकी थी बेटा. हम आ बैठे."

पुढे मोठेपणी मी आकडे वाचले. त्या वेळी हजारोंनी असलेले हे लोक देवीनं, गोवरानं, साहेबांनी आणलेल्या आणि कैद्यांबरोबर आलेल्या आजारांनी संपत गेले. १८७७ सालच्या एका गोवराच्या साथीनं वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या केल्या. १९६१च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी म्हणून १९ माणसं उरली होती. नानीला आकडे ठाऊक नव्हते. पण कुणाच्या तरी उठलेल्या चुलीच्या जागी आपली चूल आहे, हे ती कधी विसरली नाही आणि तिनं आम्हालाही विसरू दिलं नाही.

वस्तीचा एक नियम होता. माणसाला नाव विचारायचं, मुलंबाळं विचारायची, फार तर मुलूख विचारायचा. बाप किंवा आजा कशासाठी आला, हे विचारायचं नाही. सगळेच कुणाच्या ना कुणाच्या हातून काही घडलं म्हणून इथे आलेले. एकानं दुसऱ्याचं झाकण उघडलं तर गावच उघडं पडेल. आईनं नवी असताना एकदा सहज विचारलं होतं, "नानी, तुमचे वडील इथे कशाला आले?" नानी म्हणाली, "जहाज में आए, बहू." आईनं पुन्हा कधी विचारलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना किल्लीचं ते लाकूड माझ्या हातून फुटायचं राहिलं. मी त्यानं बदाम फोडत होते. रस्त्याकडेला जंगली बदामाची झाडं होती आणि त्या कठीण कवचाला ते लाकूड बरोबर बसायचं. नानीनं पाहिलं. ती रागावली नाही. तिनं माझ्या हातातून ते घेतलं, पदरानं पुसलं आणि उजेडाकडे धरून आकडे दाखवले. "ये मेरे बाप का बिल्ला है."

बिल्ला म्हणजे काय ते तिनं त्या संध्याकाळी सांगितलं. बोटीतून उतरलेल्या प्रत्येक कैद्याच्या गळ्यात असा लाकडाचा तुकडा अडकवत. त्यावर त्याचा नंबर, कुठल्या कलमाखाली शिक्षा झाली ते कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. माणूस काम करताना, जेवताना, झोपताना ती तारीख छातीवर वागवायचा. सावरकरांच्या बिल्ल्यावर १९६० साल होतं हे आपण पुस्तकात वाचतो. नानीच्या बापाच्या बिल्ल्यावर १९१३ होतं.

तो कानपूरकडचा. १८९० नंतर केव्हातरी आला, तेव्हा सेल्युलर जेल बांधलेलंही नव्हतं. ते १८९६ला सुरू झालं आणि दहा वर्षांनी उभं राहिलं, ते बांधलं याच कैद्यांनी. सात पाकळ्या, तीन मजले, सुमारे सातशे कोठड्या. नानीच्या बापानं त्या विटा वाहिल्या. आपण ज्यात राहणार नाही असं घर माणूस बांधतो हे नवल नाही, पण ज्यात आपल्यासारख्यांना कोंडतील असं घर त्याला बांधावं लागलं, हे नानी सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा.

त्या काळात या वस्तीत सुमारे १२ हजार कैदी होते. सगळे कोंडलेले नव्हते. सुरुवातीची वर्षं कष्टाची, पहाऱ्यातली. दहा वर्षं चांगल्या वर्तणुकीनं काढली की 'सेल्फ-सपोर्टर'चं तिकीट मिळे. मग जमिनीचा तुकडा घ्यायचा, म्हैस पाळायची, दुकान टाकायचं, पण बेट सोडायचं नाही. आणि लग्न करता यायचं.

नानीची आई साउथ पॉइंटच्या बायकांच्या जेलमध्ये होती. ती तेलुगू मुलखातली. लग्नाला परवानगी मिळालेले पुरुष ठरल्या दिवशी तिथे जात. आत बायका रांगेत उभ्या असत. पुरुषानं पसंत करायचं, बाईनं हो किंवा नाही म्हणायचं, मग साहेबाच्या वहीत नोंद. नानीची आई तीनदा नाही म्हणाली होती. चौथ्या खेपेला समोर उभ्या असलेल्या माणसानं तिच्याकडे न बघता विचारलं, "खाना खाया?" भाषा तिला पुरती कळत नव्हती, हे दोन शब्द जेलात राहून कळत होते. तिनं हो म्हटलं. जेवलीस का याला हो, की लग्नाला हो, यावर दोघं पुढे आयुष्यभर हसत असत. अशा जोडप्यांना ज्या भागात जमिनी मिळाल्या त्यातला एक शादीपूर. एकाची अवधी, दुसरीची तेलुगू, घरात बोलायची ती वस्तीची हिंदुस्थानी. जात कुठली धरायची? नानीला आपल्या बापाची जात ठाऊक नव्हती. तिच्या सुनांमध्ये एक मोपल्यांकडची होती, एक पंजाबी बापाची.

तिची आई कशासाठी आली होती, हे नानीनं मला सांगितलं नाही. माझ्या आईला सांगितलं, माझा भाऊ पोटात असताना. एकच वाक्य. "चौदह की उमर में बेवा हुई. गोद में जो आया, उसको रखने की इजाज़त नहीं थी." आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. ती का रडली हे मला कितीतरी वर्षांनी, पुण्यात शिकायला आल्यावर कळलं. जोतिराव फुल्यांनी लिहून ठेवलेली काशीबाईची हकिगत माझ्या वाचनात आली तेव्हा. पुण्यातली ब्राह्मण विधवा, दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करून पोट भरणारी. फसवली गेली, मूल झालं, लोकलाजेनं तिनं ते मारलं आणि जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. तारीख, प्रांत, भाषा सगळं वेगळं, पण काशीबाईचं नाव आलं की मला साउथ पॉइंटची ती रांग दिसते. आपण ज्यांना काळ्या पाण्यावर पाठवलं म्हणतो, त्यांच्यात कितीजणींचा गुन्हा आपल्याच घरांनी घडवला होता, हे त्या रांगेशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आता सुटकेची तारीख. १९१३ साली नानी आईच्या कडेवर होती. बाप सुटला. कागद मिळाला, बोटीचा परवाना मिळाला. तो एकटाच कलकत्त्याच्या बोटीत बसला, वीस वर्षांनी गाव बघायला. बायको जाऊ नको म्हणाली नाही. मागे ती काय करायची? बोट येणार असेल त्या दिवशी पोरीला घेऊन जेटीवर जाऊन उभी राहायची. पहिली बोट रिकामी आली. दुसरी रिकामी आली. दोन महिन्यांनी तिसऱ्या बोटीतून तो उतरला.

गावात भाऊ होते, घर होतं. त्यांनी हाकललं नाही. ओसरीवर बसवलं. तहान लागली म्हणाला तेव्हा भावजयीनं लोटा हातात दिला नाही. वरून ओतलं, यानं ओंजळीत घेतलं. मग कुणीतरी विचारलं, तिकडे बायको केलीस म्हणे, कोण जातीची? तो ओंजळ पुसून उठला. "प्यास वहीं रह गई," असं तो सांगत असे. आणि इथे जेटीवर उतरल्यावर पहिल्यांदा बायकोच्या हातचं पाणी प्यायला, लोट्याला तोंड लावून.

त्या रात्री त्यानं बिल्ल्याच्या भोकातून सुतळी ओवली आणि घराची किल्ली बांधली. "बीस बरस मेरे गले में था, अब घर के गले में रहे." हे घर. हाच व्हरांडा. पडाऊकचे हेच खांब.

त्या दिवसापासून मी त्या लाकडानं बदाम फोडले नाहीत.

नानीची आठवण सगळ्यात लख्ख होती ती जपान्यांच्या वेळची. आधी २६ जून १९४१चा भूकंप. संध्याकाळची वेळ, चुलीवर भात. "ज़मीन उठी, फिर बैठ गई," ती हातानं दाखवायची. समोरच्या रॉस बेटावर साहेबांची राजधानी होती, चर्च, बेकरी, क्लब. तिथल्या भिंती तडकल्या. पुढच्या वर्षी साहेब बेट सोडून गेले आणि २३ मार्च १९४२ला जपानी उतरले. पहिल्याच दिवसांत सैनिक घराघरांत शिरून कोंबड्या, सामान उचलू लागले. जुल्फिकार अली नावाच्या तरुण पोरानं त्यांच्यावर छऱ्याची बंदूक झाडली. जपान्यांनी आसपासची घरं पेटवली, त्याला पकडून हालहाल करून सगळ्यांसमोर गोळ्या घातल्या. नानी तेव्हा तिशीत. तिनं मुलांना घेऊन घराखालच्या खांबांच्या मध्ये रात्र काढली होती.

तीन वर्षांत तांदूळ संपला. टॅपिओका, रताळी, जे उगवेल ते. जो शिकलेला, जो इंग्रजी जाणणारा, तो हेर. सेल्युलर जेल पुन्हा भरलं, या वेळी गावातल्याच माणसांनी. डॉक्टर दिवाण सिंग, पंजाबीतले कवी, गावातल्या कितीजणांना बरं केलेलं, त्यांना तिथे छळून छळून मारलं, १४ जानेवारी १९४४ रोजी. त्याच्या दोन आठवडे आधी, ३० डिसेंबरला, नेताजी सुभाषबाबूंनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला होता. नानी त्या गर्दीत होती. झेंडा वर चढताना पाहून ती रडली होती. बरोबर एका महिन्यानं, ३० जानेवारीला, हम्फ्रीगंजच्या टेकडीवर ४४ जणांना हेर म्हणून गोळ्या घातल्या. नानीचा धाकटा दीर त्यात होता. ती दोन्ही तारखा एका श्वासात सांगायची, त्यातली एक सोडून दुसरी तिनं कधी सांगितली नाही. आम्ही मुलं शाळेत एकच तारीख शिकत होतो.

जपानी १९४५ला गेले. त्यांची एक गोष्ट मात्र राहिली. पावसाळा सुरू झाला की बागेत मुठीएवढ्या गोगलगायी निघायच्या. भिंतींवर, केळीच्या पानांवर, पपईच्या बुंध्यावर, रात्रीतून मिरचीची सगळी रोपं फस्त. या गोगलगायी बेटावर आणल्या जपान्यांनी. नानी कंदील आणि मिठाची वाटी घेऊन निघायची आणि म्हणायची, "चलो, जापानी आए हैं." मी तिच्या मागे वाटी धरून. मीठ पडलं की कवचातून फेस यायचा, मला बघवायचं नाही. नानी एकेकीवर मीठ टाकायची आणि दर वेळी दिराचं नाव घ्यायची. ती चिडलेली नसायची. रोपांना पाणी घालावं तशी ती आठवण घालायची.

माझा भाऊ १९७१ साली जन्मला, गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात. हे रुग्णालय सेल्युलर जेलच्या आवारात आहे. जेलच्या सात पाकळ्यांपैकी दोन जपान्यांच्या काळात पाडल्या, दोन स्वातंत्र्यानंतर, आणि त्या जागेत १९६३ साली हे रुग्णालय सुरू झालं. उरलेलं जेलही जाऊ नये म्हणून तिथे शिक्षा भोगलेल्या क्रांतिकारकांनी आग्रह धरला, आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ते राष्ट्रीय स्मारक झालं. मी बाबांबरोबर बाळाला बघायला गेले तेव्हा खिडकीतून कोठड्यांची ती लांबच लांब रांग दिसत होती. आत बायकांचा वॉर्ड, बाळांचं रडणं, धुतलेली लंगोटं वाळत घातलेली. बाबा खिडकीशी बराच वेळ उभे होते. त्यांनी देवगडला पत्र लिहिलं, "नातू झाला, दोघं सुखरूप." कुठे झाला ते लिहिलं नाही.

नानीनं मात्र बाळ घरी आल्यावर त्याला मांडीवर घेऊन तेल लावता लावता विचारलं, "कहाँ से आया रे तू? जेल से? मेरे बाप ने बनाया था, मज़बूत है न?"

आम्ही १९७९ साली पोर्ट ब्लेअर सोडलं. हॅडोच्या धक्क्यावर 'हर्षवर्धन' उभी होती. सगळा मोहल्ला पोचवायला आला, नानी आली नाही. व्हरांड्यातच बसून राहिली. आईनं पायावर डोकं ठेवलं तेव्हा म्हणाली, "बहू, मैं जेटी पर छोड़ने नहीं जाती. जेटी लेने के लिए है." माझी सोळा वर्षांची समजूत अशी झाली की म्हातारीचे पाय दुखतात. बोट निघाल्यावर, रॉस बेट मागे पडल्यावर मला तिची आई आठवली, पोर कडेवर घेऊन बोटीची वाट बघणारी, आणि मग मला रडू आवरेना.

घरी आल्यावर मी आजीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं होतं ना, राहतात कोण. मी बिल्ल्याचं सांगितलं, लोट्याचं सांगितलं. आजी तुळशीपाशी बसली होती. ऐकून म्हणाली, "पाणी वरसून घातल्यानी?" पुढे काही बोलली नाही. पण तिच्या हाताखाली काम करायला येणाऱ्या बाईला ती आयुष्यभर असंच, वरून, पाणी घालत आली होती. त्या उन्हाळ्यात एकदा मी पाहिलं, आजीनं तांब्या भरून त्या बाईच्या हातात दिला. नानी आणि आजी कधी भेटल्या नाहीत.

नानी गेल्याचं पत्र १९८६ साली आलं, तिच्या नातीच्या अक्षरात. त्सुनामीनंतर मी पहिल्यांदा परत गेले, २००५ मध्ये. आदल्या वर्षीच्या २६ डिसेंबरच्या त्या सकाळी साडेसहाच्या सुमाराला जमीन हलली आणि पोर्ट ब्लेअरचा किनारा जवळजवळ एक मीटर खाली बसला. सिप्पीघाटला मी भाताची खाचरं पाहिली होती, बगळ्यांनी भरलेली. तिथे आता खारं पाणी होतं, भरती-ओहोटीबरोबर हलणारं, आणि त्यात पानं गळालेले माड ताठ उभे. नानीचा हात आठवला. उठी, फिर बैठ गई. तिचं म्हणणं मी इतकी वर्षं गोष्ट म्हणून ऐकलं होतं.

आत्ताच्या जानेवारीत भाऊ आणि मी दोघं गेलो. गावाचं नाव २०२४च्या सप्टेंबरपासून श्री विजयपुरम झालं आहे, रॉस बेट त्याआधीच नेताजींच्या नावाचं झालं. विमानतळ सावरकरांच्या नावाचा, त्याची नवी इमारत मोठी आणि चकचकीत. बाहेर नानीची नात उभी होती, साठी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा बांधून. मी म्हटलं, अगं, आम्ही आलो असतो रिक्षा करून. ती म्हणाली, "दीदी, लेने तो आना पड़ता है."

घर तसंच आहे. पत्रा नवा, खांब जुने. शेजारी चारमजली हॉटेल झालं आहे आणि व्हरांड्यातून समुद्राची एक फटच दिसते. तरी दिवेलागणीला आम्ही तिथेच बसलो. तिच्या नातवंडांना मी नानीच्या गोष्टी सांगत होते आणि ती मुलं चुकलेलं दुरुस्त करत होती. तिसरी बोट नाही, चौथी. नाही रे, तिसरीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेलमधला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहायला निघालो. उशीर होणार होता. नानीच्या नातीनं खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "हम सो जाएँगे, आप खोल लेना."

कार्यक्रम संपला तेव्हा गाव अंधारात गुडूप होतं. भाऊ रुग्णालयाच्या फाटकाशी थोडा थांबला, मीही थांबले. मग उताराच्या रस्त्यानं चालत घरी आलो. दारात दिवा नव्हता. अंगठ्यानं मी बिल्ला चाचपला. वरचा नंबर अजून लागतो. खालची तारीख तीन पिढ्यांच्या हातांनी झिजून सपाट झाली आहे, तिथे लाकूड नुसतं गुळगुळीत आहे. मी किल्ली फिरवली. आतून कुणीतरी झोपेतच विचारलं, "कौन?" आणि मी म्हटलं, "हम ही हैं."